मदत हवी: डायल-अपला (फोन लाइनवरच्या इंटरनेटला) एरर ६८०, कधी ६७८; फोनवर टोन मात्र आहे (इंदूर)

रामबागकर:
विंडोज एक्सपी, ५६के इंटर्नल मोडेम (फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारं, कॉम्प्युटरच्या आतलं कार्ड). डायल केलं की बहुतेकदा '६८०, नो डायल टोन'. त्याच वायरला फोन लावला तर टोन व्यवस्थित येतो. कधी डायल होतं, किर्रर्र आवाज येतो आणि ६७८. जोडलं गेलंच तर थोड्या वेळात तुटतं. ड्रायव्हर पुन्हा टाकला. मोडेम बदलायचा का?

तारवाला:
इतक्यात नको. किर्रर्र ऐकू येतंय म्हणजे मोडेम जिवंत आहे. ६८० म्हणजे नंबर फिरवलाच नाही. ६७८ म्हणजे फिरवला, पण पलीकडच्या मोडेमशी जुळलं नाही. दोन्ही वेगवेगळे बघा.

आधी भिंतीकडची वायर मोडेमच्या 'लाइन' खाचेत आहे ना? शेजारची 'फोन' खाच टेलिफोनसाठी असते. मग कंट्रोल पॅनलमध्ये फोन अँड मोडेम ऑप्शन्स, डायलिंग रूल्स, एडिट: देश भारत करा. आपला डायल टोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा; अमेरिकेचा ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून. देश अमेरिका राहिला तर काही मोडेम आपल्या टोनला टोनच मानत नाहीत. फोन ऐकणारे आपण मात्र म्हणतो, टोन आहे की!

तरीही ६८० आलाच तर मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'वेट फॉर डायल टोन'ची खूण काढा. एक लक्षात ठेवा: मग लाइन मेलेली असली तरी मोडेम डायल करणारच, आणि ६८० ऐवजी ६७८ दिसेल.

रामबागकर:
देश अमेरिकाच होता! ६८० गेला. ६७८ आणि तुटणं चालूच. आतल्या खोलीत पॅरलल फोन (याच लाइनवरचा दुसरा फोन) आहे. पोर्ट स्पीड ११५२०० वरून कमी करू?

जुनी_लाइन:
नका करू. तो कॉम्प्युटर आणि मोडेममधला वेग, लाइनचा नव्हे. पॅरलल फोन काढून बघा. कोणी रिसीव्हर उचलला की कनेक्शन गेलंच. कॉल वेटिंग असेल तर त्याचा बीपही पुरतो.

मग रोझेटवर (भिंतीवरच्या फोनच्या डबीवर) सगळं काढून एकच साधा फोन लावा, एक आकडा दाबून टोन घालवा आणि कान देऊन ऐका. खरखर येत असेल तर दोष वायरमध्ये किंवा जॉइंटमध्ये. पावसाळ्यात पाणी शिरतंच. १९८ वर तक्रार देताना 'इंटरनेट चालत नाही' म्हणू नका, 'बोलताना खरखर येते' म्हणा. लाइनमन त्यावर येतो.

तोपर्यंत मोडेमच्या प्रॉपर्टीजमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमधल्या जादा कमांडच्या चौकटीत एस१०=५० टाका (अक्षर इंग्रजीच). कॅरियर (पलीकडच्या मोडेमचा सिग्नल) गेल्यावर लाइन तोडण्याआधी मोडेम किती थांबेल ते यात ठरतं, सेकंदाच्या दहाव्या भागांत. बहुतेक मोडेममध्ये १४, म्हणजे १.४ सेकंद असतं. ते ५ सेकंद होईल. छोटे खटके यात निभतात. जुळतानाच पडणाऱ्या ६७८ ला याचा उपयोग नाही.

तारवाला:
६७८ साठी व्ही.९० (५६के ची पद्धत) बंद करून व्ही.३४ (जुनी, हळू पद्धत) वर आणा. ३३.६ के च्या वर जाणार नाही, पण खरखरत्या तारेवर टिकेल. कमांड चिपसेटप्रमाणे (मोडेममधल्या मुख्य चिपप्रमाणे) बदलते. डायग्नोस्टिक्समध्ये 'क्वेरी मोडेम' दाबून जे येईल ते इथे टाका, मग सांगतो.