प्रयोगशाळेच्या कुलपात फेविक्विक घातलं म्हणून वर्षभर फुटबॉल बंद. ही शिक्षा बरोबर आहे का?

लेथवाला, उद्यमनगर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, समजून घ्या.

माझा मुलगा नववीत आहे. शाळेचं नाव घेत नाही. कोल्हापुरातलीच आहे, जुनी आहे, चांगली आहे. गेल्या शनिवारी सकाळच्या शाळेत यानं आणि आणखी तिघांनी विज्ञान प्रयोगशाळेच्या कुलपात फेविक्विक ओतलं. कारण काय, तर प्रयोगवह्या अपुऱ्या होत्या आणि सर त्या दिवशी तपासणार होते. वह्या अपुऱ्या का, तर सीझन सुरू आहे आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की ही पोरं तिथं. आपल्या गावात हे वेगळं सांगायला नको.

त्यांचा हिशेब असा, की कुलूप उघडणार नाही, तास ऑफ जाईल, रविवारी बसून वह्या पुऱ्या करू. पण त्यांच्या आधी दहावीचा प्रात्यक्षिकांचा सराव होता, ते या शहाण्यांच्या गावीही नव्हतं. दहावीची पोरं व्हरांड्यात उभी, सर घामाघूम. शेवटी शिपाई मामांनी हातोडा घालून कोयंडा उचकटला, त्यात चौकटीची पट्टी पण फाटली. (ॲसिटोननं फेविक्विक मऊ पडतं, कुलूप सुटलंही असतं. पण शाळेत ॲसिटोन असलंच तर ते त्याच कुलपाच्या आत. असो.) चोर शोधायला वेळ लागला नाही. एकाची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती.

आता शिक्षा ऐका. प्रत्येकी तीन हजार रुपये. दहा दिवस शाळेत यायचं नाही. परिपाठाला सगळ्या शाळेसमोर माफी. शाळेच्या फुटबॉल संघातून एक वर्ष बाहेर. पुन्हा काही केलं तर दाखला हातात. आणि वर्गाला धडा म्हणून नववी ब चा स्नेहसंमेलनातला नाच रद्द. चौघांतल्या एकाला मात्र नुसत्या माफीपत्रावर सोडलं. त्याचे वडील कोण, ते इथं लिहीत नाही.

पोराची बाजू घ्यायला आलेलो नाही. घरी त्याला खडसावलंय, मोबाईल काढून घेतलाय. पण मी दिवसभर लेथवर मापात काम करणारा माणूस, मला हे माप जुळत नाही. चांगलं पितळी कुलूप सहाशेला येतं. सुताराला पट्टी बसवायचे पाचशे द्या. कोयंडा तर मी स्वतः करून देतो, आमच्या वर्कशॉपात अर्ध्या तासाचं काम. मग तिघांचे नऊ हजार कशाचे?

पैशाचं एक वेळ जाऊ दे. खरा सल फुटबॉलचा आहे. पोरगं अभ्यासात बेताचं, पण डाव्या विंगला खेळताना बघा. २०१७ ला आपला अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून पेठेतल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात तेच आहे आणि ह्याच्या तर जरा जास्तच. शालेय स्पर्धा पावसाळ्यात असतात. तेव्हा हा दहावीत असेल. म्हणजे एक वर्ष बंद याचा अर्थ शाळेकडून खेळणं संपलं. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, त्याचाही प्रश्न आला.

शिक्षा करू नका असं मी म्हणत नाही. पण किती असावी? आणि शाळेत जाऊन बोलायचं तर काय बोलू?

पेठेतला टेंपोवाला

दादा, लई लाड करू नका. आमच्या टायमाला गुरुजी छडी मोडेपर्यंत हाणायचे. घरी सांगायची सोय नव्हती, बापानं वरनं आणि दोन ठेवून दिल्या असत्या. काय वाईट झालं? दोन टेंपो आहेत आज माझे. तीन हजार भरा आन गप बसा.

फुटबॉलचं मात्र शाळेचं चुकलंच. पोराला मैदानातनं काढल्यावर ते जाणार कुठं? चौकात.

आणि एकाला सोडून तिघांना धरलंय, त्याचं काय? तिथं भांडा की.

फळा आणि खडू

मी माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. राग मानू नका.

दहावीचा प्रात्यक्षिकांचा सराव जानेवारीत वाया जाणं म्हणजे काय, ते बाहेरून कळत नाही. त्या तासाची पुन्हा सोय करायला सरांनी दुसऱ्या कुणाचा तरी तास मागून घेतला असेल आणि वर संस्थेला उत्तर दिलं असेल ते वेगळंच. एका वर्गात साठ मुलं असतात. छडी गेली ते बरंच झालं, मला ती कधीच आवडली नाही. पण तिच्या जागी काय करायचं ते कुणी शिकवलं नाही. रागावणं आणि दाखला देण्याची धमकी, यांच्या मधलं फारसं काही शाळेकडे उरलेलं नाही. त्यामुळे एखादं प्रकरण अंगाशी आलं, की जे सुचेल ते सगळं एकदम लावलं जातं. तुमच्या मुलाच्या बाबतीत तेच झालेलं दिसतंय.

पण अख्ख्या वर्गाचा नाच रद्द करणं मलाही पटलं नाही. टिळकांच्या शेंगांची आणि टरफलांची गोष्ट आपण सगळेच दरवर्षी १ ऑगस्टला भाषणात ऐकतो, मग शिक्षा देताना ती आठवत कशी नाही?

एक विचारू का? तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये शिपाई मामा एका वाक्यात येऊन गेले. हातोडा त्यांनी चालवला, नंतर लाकडाचे तुकडे त्यांनीच झाडले असणार. माफी परिपाठाला शाळेची मागायची, मामांची कोण मागणार?

ॲडव्होकेट, राजारामपुरी

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथं हमखास कुणीतरी आरटीई काढणार.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी आहे, कलम १६ नं मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करायला मुभा मिळाली, काढून टाकायला नाही. पण हा कायदा सहा ते चौदा वयाचा आणि आठवीपर्यंतचा. तुमचा मुलगा नववीत, तो यात बसत नाही. बाल न्याय कायदा २०१५ अठरा वर्षांपर्यंत लागू होतो, त्याच्या कलम ७५ मध्ये मुलांशी क्रूरपणे वागण्याला कैद आहे. मात्र संघातून काढलं म्हणून ते कलम दाखवायला जाऊ नका, हसं होईल.

तुमच्या कामाचं एवढंच, की निलंबनाचा आदेश लेखी मागा आणि तो माध्यमिक शाळा संहितेतल्या कोणत्या नियमाखाली आहे ते विचारा. पैसे भरलेच तर पावती घ्या. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद हा शेवटचा रस्ता आहे, पहिला नव्हे.

निवृत्त हेडमास्तर, गडहिंग्लज

लेथवाले दादा, तुमचं वाचून मला आमच्या शाळेतली एक भानगड आठवली. पावसाळ्याचे दिवस होते. दहावीच्या पाच पोरांनी शाळा सुटायच्या आधी शिक्षकांच्या झाडून सगळ्या सायकलींची आणि गाड्यांची हवा सोडली. एका बाईंची शेवटची एसटी चुकली, त्यांना रात्री गावातच मुक्काम करावा लागला. स्टाफरूममध्ये दुसऱ्या दिवशी नुसता धूर. कुणी म्हणे दाखले द्या, कुणी म्हणे पोलिसात कळवा.

मी शाळेसाठी हातपंप विकत घेतला आणि त्या पाच जणांना महिनाभर काम दिलं. सकाळी दहाला यायचं, ज्याच्या सायकलीत हवा कमी असेल त्याला भरून द्यायची. मास्तरांची असो, पाचवीतल्या पोराची असो. त्या बाईंच्या घरी जाऊन त्यांच्या यजमानांना काय घडलं ते तोंडानं सांगायचं, मी बरोबर येणार नाही. ते त्यांना सगळ्यात जड गेलं. हवा भरायला मात्र आठवड्याभरात मजा वाटायला लागली. एकानं तर घरून पंक्चरचं सामान आणलं. मग स्टाफनं मला धरलं, ही शिक्षा आहे की बक्षीस? मी म्हटलं, सायकली चालू आहेत ना, मग झालं.

म्हणून मी मऊ होतो असं समजू नका. एक पोरगा एका मुलीला रस्त्यात रोज असं काही बोलायचा की तिनं शाळेत यायचंच सोडलं. मित्र म्हणाले, सर, मस्करी होती. त्याला मी मस्करी म्हणत नाही. त्याच्या घरच्यांना बोलावलं, त्याची तुकडी बदलली आणि वार्षिक परीक्षेपर्यंत शाळा सुटली की त्याला ऑफिससमोर बसवून ठेवायचो, ती मुलगी एसटीत बसेपर्यंत. इतर मुली थांबायच्या नाहीत, तोच थांबायचा. तेव्हा कुलूप एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला ठेवा. तुमच्या पोरांनी वस्तूचं नुकसान केलं, दहावीचा एक तास घालवला. त्यात खोडी आहे, आळस आहे, बेफिकिरी आहे. कुणाला दुखवायचा हेतू नाही. शिक्षा तेवढ्यालाच हवी.

आता तुमची यादी बघू. तीन हजार तुमच्या खिशातून जाणार, म्हणजे शिक्षा तुम्हाला झाली. खरा खर्च काय तो तिघांत, खरं तर चौघांत वाटा, आणि पोराचा वाटा त्याच्याकडून कामानं वसूल करा. दहा दिवस घरी बसवणं मला कधीच कळलं नाही. ज्या पोरानं अभ्यास चुकवायला खोडी केली त्याला आपण अधिकृत सुट्टी देतोय. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड होता. आणि आता शाळाच सांगते, पाठवू नका.

परिपाठाची माफी नको. नववीतला मुलगा दीड हजार पोरांसमोर उभा राहिला की एक तर हिरो होतो नाहीतर मोडतो. माफी ज्याची मागायची त्याच्या समोर.

फुटबॉलबद्दल. ज्या तिघांना शिक्षा झाली ते तिघंही खेळतात का? एखादा खेळत नसेल तर त्याला ही शिक्षा लागूच होत नाही, आणि तुमच्या मुलाकडे होतं नव्हतं ते गेलं. कागदावर सगळ्यांना सारखीच. पण मी शाळेच्या जागी असतो तर फुटबॉलला अजिबात हात लावला नसता असंही नाही. वह्या फुटबॉलपायी राहिल्या, तेव्हा वह्या पुऱ्या करून सरांची सही घेईपर्यंत बूट घालायचे नाहीत, हे मी सांगितलंच असतं. यात फरक असा, की बंदी कधी उठणार ते पोराच्या हातात राहतं. वर्षाची बंदी घातली की दुसऱ्या दिवसापासून त्याला नीट वागायचं काही कारणच उरत नाही.

त्या चौथ्या मुलाचा विषय तुम्ही काढू नका. तुम्ही काढलात की सगळी बैठक त्याच्यावरच जाईल. फक्त एवढंच मागा, की कुणी काय केलं ते चौघांकडून वेगवेगळं लिहून घ्या. ट्यूब कुणी आणली, ओतलं कुणी, पाळत कुणी ठेवली. ते कागद टेबलावर आले की हेडबाईंनाच एकाला सोडणं अवघड होईल.

लेथवाला, उद्यमनगर

सर, ताई, वकीलसाहेब, सगळ्यांचे आभार. टेंपोवाले दादा, तुमचेही. काल शाळेत जाऊन आलो.

हेडबाईंनी ऐकून घेतलं. आधी जरा तणतणल्या, पण मी खर्चाचा कागद नेला होता, कुलूप, पट्टी, मजुरी असा. तो बघितल्यावर म्हणाल्या, तीन हजार हा आकडा क्लार्कनी अंदाजे लिहिला होता. आता कुलूप आणि सुतार एवढंच द्यायचं आणि कोयंडा आमच्याकडनं. पोरगं रविवारी वर्कशॉपात येणार आहे, ड्रिल त्यालाच मारायला लावतो. निलंबन दहाचं तीन दिवसांवर आणलं, ते संपलंच आहे. नाचाचं संमेलन समिती ठरवणार म्हणे. पोरांनी लिहून दिलंय, चौघांनी. सर म्हणाले तसंच झालं, ट्यूब कुणी आणली ते वाचून बाई गप्प बसल्या. पुढं मी काही विचारलं नाही.

ताई, मामांना भेटलो. हातोड्याचा एक फटका त्यांच्या अंगठ्यावर बसला होता, नख काळं पडलंय. कुणाला बोलले नाहीत. पोरगं त्यांच्या समोर उभं राहिलं तर शब्द फुटेना. मामाच म्हणाले, जा आता, तासाला उशीर होईल.

फुटबॉलचं अडलंय. खेळाचे सर अनुकूल आहेत, सरावाला ये म्हणालेत. पण बंदी संस्थेच्या बैठकीत घातलेली, ती बाई परस्पर उठवू शकत नाहीत. आणि हो सर, तिघांतला एक खेळत नाही. त्याला बुद्धिबळ. ते चालूच आहे.

वह्या पुऱ्या झाल्या, सही झाली. बंदी जूनपर्यंत ठेवा, पावसाळ्याच्या स्पर्धांना मोकळं करा, असा अर्ज करायचा म्हणतो. सर, अर्ज हेडबाईंच्या नावे द्यायचा की थेट संस्थेच्या सचिवांच्या?

निवृत्त हेडमास्तर, गडहिंग्लज

हेडबाईंच्याच नावे, संस्थेकडे पुढे पाठवण्यासाठी म्हणून. त्यांना डावलून वर गेलात तर काम तिथंच थांबेल. खेळाच्या सरांची शिफारस आणि सही झालेल्या वहीच्या पानाची झेरॉक्स जोडा. जून म्हणू नका, तारीख घाला. आवक नंबर टाकून पोच घ्या.