पक्षाचा रंग विचारातून येतो की सोयीतून?

वर्धारोडकर (धागा सुरू करणारा)
निवडणूक लागली की नागपूरच्या गांधीबागेत दुपट्ट्यांचे ढीग लागतात आणि मग टीव्हीवर ‘भगवी लाट’, ‘निळं वादळ’ सुरू होतं. माझं म्हणणं असं, की रंग ही पक्षांची सोय आहे, त्यात तत्त्वज्ञान शोधण्यात अर्थ नाही. अमेरिकेत १९८० साली रिपब्लिकन पक्षाचे रेगन जिंकले तेव्हा एनबीसी वाहिनीच्या नकाशावर त्यांची राज्यं निळी होती. २००० साली बुश-गोर निकाल महिनाभर लटकला, तेवढे दिवस वाहिन्यांवर रिपब्लिकन लाल नि डेमोक्रॅट निळे दिसत राहिले, तेच चिकटलं. ब्रिटनमध्ये याच्या बरोबर उलटं, मजूर पक्ष लाल आणि हुजूर पक्ष निळा. लांब कशाला जायचं? मनसेचा २००६ चा झेंडा बहुरंगी होता, जानेवारी २०२० मध्ये तो भगवा झाला.

इंदोऱ्याचा
अमेरिकेचं अमेरिकेत ठेवा भाऊ. बाबासाहेबांची शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन १९४२ मध्ये इथेच, नागपुरात जन्मली. ३ ऑक्टोबर १९५७ ला आपला आंबेडकरी रिपब्लिकन पक्षही इथेच स्थापन झाला. त्या पक्षाचे पुढे किती गट झाले ते मोजायला बसलो तर चहा थंड होईल. निळा मात्र एकाही गटाने सोडला नाही, कारण तो गटाचा नव्हताच. दीक्षाभूमीवर येणारा माणूस कोणत्या गटाला मत देतो ते विचारा, दहा उत्तरं मिळतील. झेंड्याचा रंग विचारा, एकच मिळेल. सोयीचा रंग असा टिकत नसतो.

वर्धारोडकर
पण बाबासाहेबांच्या १९३६ च्या स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा लाल होता. मग निळा सुरुवातीपासून ठरलेला होता असं कसं म्हणता?

इंदोऱ्याचा
हे तर माझ्याच बाजूचं झालं ना! स्वतंत्र मजूर पक्ष कामगार-शेतकऱ्यांना घेऊन उभा होता. १९३८ चा मुंबईतला गिरणी संप त्यांनी कम्युनिस्टांच्या सोबतीने केला. तिथे लाल शोभतो. फेडरेशन अस्पृश्यांच्या स्वतंत्र राजकारणासाठी निघाली, म्हणून झेंडाही वेगळा. आधी भूमिका बदलली, मग रंग. सोय असती तर लालच ठेवला असता, कापड तरी वाचलं असतं.

महालवाला
इंदोरेकरांशी माझं एरवी जमत नाही, पण इथे ते बरोबर आहेत. भगवा कोणत्याही पक्षाच्या आधीचा आहे. वारकऱ्यांच्या पताका कुठल्या कार्यालयाने वाटल्या? १९२५ साली इथेच स्थापन झालेल्या संघाने ध्वजालाच गुरू मानलं, तेव्हा जनसंघ जन्मायचा होता. गंमत म्हणजे १९८० पासून भाजपच्या झेंड्यात हिरवा पट्टा आहे. मोर्च्यात तो कुणाला दिसतो? लोक भगवाच बघतात, कारण तोच त्यांच्या ओळखीचा.

इतवारीचा टेलर
तुम्ही सारे तत्त्वावर बोलून राहिले, मी धंद्यावर बोलतो. मशीनवर मत देताना रंग दिसते काय? लोकसभेला मतपत्रिकेचा कागद पांढरा, विधानसभेला गुलाबी. त्यावर चिन्ह काळ्या शाईत. आयोग चिन्ह देते, रंग कोणालेच देत नाही. १९६८ चा आदेशच चिन्हांचा आहे. पहिल्या निवडणुकीत तर उमेदवारागणिक वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह. रंग लागते रस्त्यावर, की दुरून कळलं पाहिजे कोणाची गाडी येऊन राहिली. माझ्याकडे एकाच थानाचे झेंडे दोन पक्षांना जातात, फक्त छपाई वेगळी. आता सांगा तो रंग कोणाचा?

मिलमजुराचा नातू
लालबद्दल कुणीच बोललं नाही. १८४८ मध्ये पॅरिसच्या क्रांतीत कामगारांनी लाल झेंडा राष्ट्रध्वज करा म्हटलं, हंगामी सरकारातल्या लामार्तीनने नाकारलं. १८७१ च्या पॅरिस कम्यूनवर, म्हणजे कामगारांच्या बंडखोर सरकारवर, तोच फडकला आणि १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर जगभर गेला. एम्प्रेस मिल, मॉडेल मिल गेल्या, आता नागपुरात तो शोधावा लागतो.

वर्धारोडकर
मग १९२३ चं काय करायचं? नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालाल बजाजांसह शेकडो लोक तुरुंगात गेले, तो काँग्रेसचा झेंडा पांढरा-हिरवा-लाल होता. १९३१ मध्ये त्यातला लाल काढून केशरी आणला. त्याच वर्षी काँग्रेसच्या समितीने तर अख्खा झेंडाच केशरी करा म्हटलं होतं, ते मान्य झालं नाही. मान्य झालं असतं तर आज काँग्रेसचे दुपट्टे कोणत्या रंगाचे असते? आणि महालवाल्यांनी कोणता धरला असता?

महालवाला
तोच धरला असता. लाल का काढला हे तुम्ही गाळलंत. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा असं वाटप लोकांनी मनात करून ठेवलं होतं, शीखही आपला रंग मागत होते. म्हणून नव्या झेंड्यासोबत काँग्रेसला सांगावं लागलं की या रंगांचा धर्मांशी संबंध नाही, केशरी त्यागाचा आहे. रंग नुसती सोय असता तर हा खुलासा कशाला लागला असता?

वर्धारोडकर
खुलासा करून अर्थ बदलता येतो, हेच तर मी म्हणतोय.

इंदोऱ्याचा
काँग्रेसने खुलासा केला. लोकांनी ऐकला काय?