मदत हवी आहे: थंड पाण्यातल्या डायव्हिंग-स्नॉर्केलिंगला कुठला महिना?

निळाई
नमस्कार मंडळी. मला थंड पाण्यात डायव्हिंग करायचंय, बायको आणि मुलगा स्नॉर्केलिंग करतील. कुठल्या महिन्यात जावं? रजेचा अर्ज शुक्रवारपर्यंत टाकायचाय, म्हणून प्लीज लवकर सांगा. ५ मिमीचा वेटसूट आहे माझ्याकडे.

दर्यावर्दी
अहो, पण जाताय कुठे? जागा कळल्याशिवाय महिना कसा सांगणार?

मालवणी_माणूस
थंड पाण्यात कशाला कुडकुडताय? तारकर्लीला या. पावसाळ्यात बंद असतं, पण दिवाळीनंतर समुद्र शांत होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करा, वर गरम सोलकढी-भात. येवा, कोकण आपलोच आसा.

निळाई
आइसलंड. सिल्फ्रा, तिथली पाण्याने भरलेली खडकातली भेग. लिहायचं राहिलं. लंडनहून जाणार. या वर्षीच जायचंय.

ध्रुवतारा
मग पाण्यासाठी महिना बघूच नका. लांगयोकुल हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या खडकातून कित्येक दशकं झिरपत तिथे येतं. त्यामुळे वर्षभर २ ते ४ अंशच असतं, आणि शंभर मीटरपर्यंतचं स्वच्छ दिसतं. फरक पडतो तो उजेडाचा. डिसेंबरात सूर्य अकरानंतर उगवतो, साडेतीनला मावळतो, आणि तेवढा वेळही क्षितिजालगतच असतो. जूनमध्ये ऊन थेट त्या भेगेत उतरतं. तो निळा रंग मी अजून विसरलेलो नाही. जूनच.

मीनल_लीड्स
मी असहमत. जूनमध्ये पाण्यात उतरायला रांग असते. आम्ही फेब्रुवारीत गेलो, काठावर बर्फ, माणसं मोजकी, आणि रात्री नॉर्दर्न लाइट्स! जूनमध्ये रात्रच होत नाही, ते दिसणार कुठून?

ध्रुवतारा
आणि पाण्यातून बाहेर आल्यावर? ड्राय सूटमध्ये (पाणी आत न येऊ देणारा सूट) अंग कोरडं राहतं, पण हातमोजे आणि डोक्यावरची टोपी भिजतातच. हिवाळ्यात खरा त्रास तिथे, वाऱ्यात ओल्या हातांनी सूट उतरवताना. बर्फाने रस्ता बंद झाला तर बुकिंगही बोंबललं.

मीनल_लीड्स
हातांचं मान्य, माझी बोटं अर्धा तास बधिर होती. तरी पुन्हा हिवाळ्यातच जाईन.

दर्यावर्दी
तुमचं चालू द्या. निळाई, ड्राय सूटचं प्रमाणपत्र आहे का? आणि मुलगा केवढा?

निळाई
ओपन वॉटर (डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र) आहे, अंदमानात हॅवलॉकला केलं. मुलगा ११, डिसेंबरात १२ होईल. पण मी महिना विचारला होता.

दर्यावर्दी
महिन्याचं उत्तर यातच आहे. सिल्फ्रात स्नॉर्केलिंगलाही १२ पूर्ण लागतात, म्हणजे डिसेंबरच्या आत मुलगा काठावर बसून राहील. आणि डाइव्हसाठी ड्राय सूट सक्तीचा आहे, वेटसूट घरी ठेवा. त्याचं प्रमाणपत्र किंवा ड्राय सूटमधल्या किमान १० डाइव्हची लेखी नोंद मागतात. हे नियम उगाच नाहीत. सूटमधली हवा पायाकडे सरकली की पाय वर आणि डोकं खाली होतं. सवय नसलेला माणूस घाबरतो, जोरजोरात श्वास घेतो, आणि एवढ्या थंडीत त्यानेच रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) गोठून हवा सुटायला लागते. हॅवलॉकच्या कोमट पाण्यात यातलं काहीच शिकवत नाहीत. लेस्टरशरमध्ये स्टोनी कोव्ह आहे, जुनी दगडाची खाण, तिथे आधी ड्राय सूटचा कोर्स करा.

चष्मिस
मधेच विचारते, माझा नंबर उणे ४ आहे. मास्कमध्ये चष्मा बसतो का?

मीनल_लीड्स
नाही बसत, काडीमुळे पाणी आत येतं. नंबरचा मास्क मिळतो, बुकिंग करतानाच विचारून ठेवा. आणि निळाई, कोर्स झाला की ऑक्टोबरात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या फार्न बेटांना जाऊन या. सील अगदी जवळ येतात. इथला समुद्र उन्हाळाभर हळूहळू तापतो, त्यामुळे तेव्हाही बऱ्यापैकी सुसह्य असतो. मार्चमध्ये मात्र सगळ्यात गार.

पासपोर्टवाला
भारतीय पासपोर्ट आहे का? यूकेत राहत असलात तरी आइसलंडला शेंगेन व्हिसा लागतो. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. रजेआधी ते बघा.

निळाई
भारतीयच आहे. व्हिसाचं डोक्यातच नव्हतं.
मग या वर्षी आइसलंड रद्द. आता रजा दोनच दिवसांची टाकतो, स्टोनी कोव्हसाठी. आइसलंड पुढच्या वर्षी. मे की सप्टेंबर?

ध्रुवतारा
मे. दिवस मोठा, गर्दी जूनपेक्षा कमी.

मीनल_लीड्स
सप्टेंबर. उजेड पुरतो, रस्ते सहसा मोकळे असतात, आणि लेकाला नॉर्दर्न लाइट्स दिसले तर जन्मभर लक्षात राहतील.

निळाई
मुलाला विचारलं. सप्टेंबर म्हणतोय.

मालवणी_माणूस
मग डिसेंबरात वाढदिवसाक तारकर्लीक आणा त्याका. पोहता तरी येता मा?