एनसीआरएचा पीएचडी इंटरव्ह्यू आलाय, तयारी कशी करू?

पंचगंगा_०७:
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरला एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्याच्या एनसीआरएचा (रेडिओ अॅस्ट्रॉनॉमीची संशोधन संस्था) इंटरव्ह्यूचा मेल आलाय. लेखी निघाली पण आता जाम टेन्शन आलंय, दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि फळ्यापाशी उभं राहून इंग्रजीत कधी काही सांगितलेलं नाही. क्वांटम बऱ्यापैकी येतं, स्टॅटमेक (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) कच्चं आहे, अॅस्ट्रो तर आम्हाला नव्हतंच. सगळं परत वाचायला घेऊ का? आणि प्रोजेक्टवर विचारतात का? माझा हॉल इफेक्टवर आहे (करंट जाणारा नमुना मॅग्नेटिक फील्डमध्ये ठेवला की आडवं व्होल्टेज येतं तो).

लोलक:
अभिनंदन! सगळं वाचायला अजिबात जाऊ नको. बऱ्याचदा आवडता विषय कुठला हेच आधी विचारतात, तर दोन विषय पक्के कर, आणि पक्के म्हणजे डेरिव्हेशन पाठ नव्हे. समज इन्फिनिट वेलच्या (कण बाहेर पडूच शकत नाही असा डबा) बरोब्बर मध्यावर रिपल्सिव्ह डेल्टा (अगदी अरुंद, ढकलणारा अडथळा) ठेवला, एनर्जी लेव्हल्सचं काय होईल? लगेच इंटिग्रेशनला भिडायचं नाही, आधी वेव्हफंक्शन्स काढायची. दुसऱ्या, चौथ्या स्टेटला मध्यावर नोड आहे, म्हणजे तिथे वेव्हफंक्शन शून्य आहे, त्यांना डेल्टा जाणवतच नाही, एनर्जी आहे तीच राहते, पहिली-तिसरी वर सरकतात. मग पुढचा प्रश्न येणारच की डेल्टा वाढवत नेला तर? पहिली लेव्हल दुसरीला जाऊन भिडते, कारण वेलचे सरळ दोन अर्धे वेल झाले. हे सगळं चित्रावरून बोलता आलं पाहिजे.

नारायणगावकर:
अॅस्ट्रो नव्हतं तर नव्हतं, तसं स्पष्ट सांग. पण एनसीआरएला चाललीयेस तर जीएमआरटीची, म्हणजे त्यांच्या रेडिओ दुर्बिणीची, माहिती हवीच. खोडदजवळ ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटरची, सगळ्यात लांबचं अंतर साधारण २५ किलोमीटर. हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर वेव्हलेंग्थला लॅम्डा बाय डी (वेव्हलेंग्थ भागिले डिशचा व्यास किंवा डिशमधलं अंतर, म्हणजे किती बारीक दिसेल तो कोन) स्वतः काढून बघ, एका डिशला पाव अंशाच्या आसपास येतं आणि २५ किलोमीटर घेतले की दोनेक आर्कसेकंद. इतक्या लांब लांब डिश का पसरल्यात ते तिथेच कळतं.

व्हर्निअर:
प्रोजेक्टवर हमखास विचारतात. मॅग्नेटिक फील्ड उलटं करून परत रीडिंग का घेतलं, सांगता येईल? व्होल्टेज मोजायचे प्रोब अगदी समोरासमोर नसतात, त्यामुळे फील्ड नसतानाही थोडं व्होल्टेज येतं, फील्ड उलटल्यावर हॉल व्होल्टेजचं चिन्ह बदलतं पण या जादा व्होल्टेजचं बदलत नाही, म्हणून वजा केलं की ते जातं. एरर किती होता तेही आकड्यात सांग. इंग्रजीचं म्हणशील तर मैत्रिणीला समोर बसव आणि रोज एक प्रॉब्लेम फळ्यावर मोठ्याने बोलत सोडव, वाक्यं तुटक आली तरी चालतंय, गप्प उभं राहू नको फक्त.

पंचगंगा_०७:
खूप खूप आभार सगळ्यांचे, फील्ड आम्ही उलटं केलेलं पण कारण कोणी सांगितलंच नव्हतं! स्टॅटमेकचं मात्र राहिलंच, त्यातलं निदान काय करू?

लोलक:
टू-लेव्हल सिस्टिम (दोनच एनर्जी लेव्हल्स असलेली) कर. पार्टिशन फंक्शन (सगळ्या लेव्हल्सच्या बोल्ट्झमन फॅक्टर्सची बेरीज) दोन टर्मचं आहे, त्यावरून स्पेसिफिक हीटचा ग्राफ काढ आणि तो दोन्ही टोकांना शून्याकडे का जातो ते स्वतःच्या शब्दांत सांगून बघ. अडलीस तर इथेच टाक, बघतो.