सॉफ्टवेअरच्या आधी नोंदवही

गर्भारपण आणि नवजात बाळांच्या आरोग्याचा आकडेवारीतून अभ्यास करण्याच्या क्षेत्रात यायचं तर संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर पक्कं हवं, बाकी कामावर शिकता येतं, असं काही जण म्हणतात. सॉफ्टवेअर हवंच, पण माझ्या मते मोठ्या चुका त्याआधीच होतात. साधं जन्मवजन घ्या. 2500 ग्रॅमच्या खाली असलं तरच बाळ कमी वजनाचं धरतात. काट्यावर 2460 दिसतं, वहीत 2500 लिहिलं जातं आणि ते बाळ गणतीतून निसटतं. म्हणून आधी वजनांचा आलेख काढा. 2500 आणि 3000 वर सुळके दिसले, म्हणजे वजनं गोल आकड्यात लिहिलेली दिसली, तर कमी वजनाच्या बाळांचा दर जसाच्या तसा वापरू नका.

गर्भारपणातल्या औषधांच्या अभ्यासात फसगत आणखी खोल असते. समजा, एखादं औषध 32व्या आठवड्यात सुरू करतात. 30व्या आठवड्यात बाळंत झालेल्या बाईला ते सुरू होणं शक्यच नव्हतं, तरी ती 'औषध न घेतलेल्यां'त मोजली जाते. लवकर बाळंत झालेल्या अशा सगळ्या त्याच गटात जमतात, मग निरुपयोगी औषधही मुदतपूर्व प्रसूती टाळतंय असं दिसतं. औषध सुरू होईपर्यंतचे आठवडे प्रत्येकीच्या बाबतीत 'न घेतलेल्या' काळात धरायचे. त्यासाठी गर्भवय, म्हणजे गर्भारपणाचे किती आठवडे झाले ते, मात्र खात्रीचं लागतं. ते शक्यतो पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून घ्या. शेवटच्या पाळीची तारीख अनेकींना नेमकी आठवत नाही.