‘व्हीएआर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : फुटबॉल सामन्यांच्या वृत्तांतांत ‘व्हीएआरने गोल रद्द केला’, ‘पंचांनी व्हीएआर पाहिले’ आणि ‘संघाने व्हीएआरकडे दाद मागितली’ अशी तिन्ही प्रकारची वाक्ये आढळतात. हे नाव यंत्राचे, प्रक्रियेचे की माणसाचे? त्याला नेमका मराठी प्रतिशब्द कोणता?

उत्तर : हे नाव माणसाचे आहे. ‘व्हिडिओ असिस्टंट रेफरी’ या शब्दांचे हे लघुरूप असून, त्यातील शेवटचे अक्षर एका पंचाचे आहे; तो मैदानापासून दूर, पडद्यांसमोर बसून सामना पाहतो आणि मैदानावरील मुख्य पंचाशी ध्वनियंत्रणेवरून बोलतो. मराठीत नाम आले की लिंग ठरवावेच लागते, त्यामुळे ‘ते व्हीएआर’ असे नपुंसकलिंगी लिहिताक्षणी माणसाचे यंत्र होते. ‘पंच म्हणाले’ असे आपण आदराने लिहितो, तसेच येथेही लिहायला हवे.

आपण दिलेल्या वाक्यांपैकी पहिले वाक्य मला सर्वाधिक खटकते. खेळाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने मार्च 2018 मध्ये ही पद्धत नियमांत समाविष्ट केली, तेव्हापासून अंतिम निर्णय मुख्य पंचाचाच असतो, हे त्यात स्पष्ट आहे. 2018 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागल्याचे पडद्यामागील पंचाने सुचवले. मात्र मैदानाच्या कडेला जाऊन दृश्य पुन्हा पाहून फ्रान्सला पेनल्टी दिली ती नेस्तोर पिताना या मुख्य पंचाने. म्हणून ‘व्हीएआरच्या सूचनेनंतर पंचांनी गोल रद्द केला’ हे वाक्य थोडे लांब असले, तरी खरे आहे. ‘दाद मागितली’ हे तर क्रिकेटमधून आलेले दिसते. या पद्धतीत संघाला दाद मागण्याचा अधिकारच नाही. उलट हाताने पडद्याची चौकट काढून दाखवत फेरतपासणीचा हट्ट धरणाऱ्या खेळाडूला पिवळे कार्ड मिळते.

प्रतिशब्दाबाबत ‘तिसरा पंच’ हा पर्याय अनेकदा सुचवला जातो. क्रिकेटमध्ये तो 1992 पासून रुळला आहे. डर्बन कसोटीत सचिन तेंडुलकर धावबाद ठरला, तो त्या पद्धतीचा पहिला बळी. मात्र तेथे धावबादचा प्रश्न तिसऱ्या पंचाकडे सोपवला की तोच निकाल देतो, तर फुटबॉलमध्ये पडद्यामागचा पंच केवळ सुचवतो. शिवाय फुटबॉलमध्ये मैदानाच्या कडेला आधीपासूनच एक ‘चौथा अधिकारी’ उभा असतो, त्यामुळे आकड्यांचा घोळ वाढेल. मला ‘चित्रफीत साहाय्यक पंच’ हा शब्द ठीक वाटतो. फीत आता उरलेली नाही हे खरे, पण शब्द वस्तूपेक्षा अधिक काळ टिकतात. ‘सहाय्यक’ हे लेखन मात्र टाळावे : ‘सहायक’ म्हणजे सोबत जाणारा, ‘साहाय्यक’ म्हणजे साहाय्य करणारा, आणि या दोन्हींची सरमिसळ करून झालेले तिसरे रूप अशुद्ध आहे.

उपप्रश्न : ‘चेक’ आणि ‘रिव्ह्यू’ या दोन्हींसाठी ‘तपासणी’ हा एकच शब्द चालणार नाही का?

उत्तर : चालणार नाही. नियमांच्या भाषेत या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेले कार्ड या चार बाबींतील प्रत्येक प्रसंग पडद्यामागचा पंच आपणहून पाहतो. बहुतेकदा खेळ थांबतही नाही आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ताही लागत नाही. यासाठी ‘पडताळणी’ हा शब्द चपखल आहे, कारण दिलेला निर्णय दृश्याशी ताडून पाहणे एवढेच येथे अभिप्रेत असते. ढळढळीत चूक किंवा नजरेतून निसटलेला गंभीर प्रकार आढळला, तरच दुसरी पायरी येते. तिला ‘फेरतपासणी’ म्हणावे. न्यायालयीन मराठीतील ‘पुनर्विलोकन’ही अर्थाने बरोबर आहे, पण खेळाच्या वृत्तांतात जड वाटते. आणि ‘पुनरावलोकन’ कितीही रूढ झाले, तरी ‘पुनर्’ आणि ‘अवलोकन’ यांचा संधी ‘पुनरवलोकन’ असा होतो.

हा काटेकोरपणा केवळ भाषेच्या शुद्धतेसाठी आहे असे कृपया समजू नये. 30 सप्टेंबर 2023 रोजी टॉटनहॅम आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यात लिव्हरपूलच्या लुईस दियासचा गोल मैदानावर ऑफसाइड, म्हणजे खेळाडू नियमबाह्यरीत्या पुढे असल्याने अवैध, ठरवला गेला होता. पडद्यामागील पंचाने दृश्य पाहिले, खेळाडू ऑफसाइड नसल्याचे त्याला बरोबर दिसले, पण मैदानावर गोल दिलेला आहे अशा समजुतीने त्याने ‘तपासणी पूर्ण’ एवढेच कळवले. मैदानावर त्याचा अर्थ ‘ऑफसाइड कायम’ असा घेतला गेला आणि खेळ पुन्हा सुरू झाला. एकदा खेळ सुरू झाल्यावर मागे जाण्याची नियमांत मुभा नव्हती. लिव्हरपूल तो सामना 1-2 असा हरला. पंचांच्या संघटनेने नंतर चूक मान्य करून तो संवाद प्रसिद्ध केला. तो ऐकताना मन विषण्ण होते, कारण डोळ्यांनी आपले काम चोख केले होते आणि घात झाला तो शब्दात. ‘पूर्ण’ हा शब्द काम संपल्याचे सांगतो, निकाल सांगत नाही. मराठीत ‘गोल ग्राह्य’, ‘ऑफसाइड कायम’ अशी तयार जोडी आहे. तिच्यात निर्णयाचे नाव आणि त्याची स्थिती दोन्ही येतात, म्हणून वृत्तांत लिहिणाऱ्यांनी ‘व्हीएआर तपासणी पूर्ण झाली’ एवढ्यावर वाक्य थांबवू नये, पुढे काय कायम राहिले तेही लिहावे.