मदत हवी: १०० नॅनोमीटरचा ऑरगॅनिक फोटोडायोड अंधारातही गळतोय

मंडळी, पुण्यात एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचं सबमिशन डोक्यावर. प्रोजेक्ट म्हणजे ऑरगॅनिक फोटोडायोड, कार्बनी पदार्थांच्या पातळ थराने प्रकाशाचा करंट करणारं डिव्हाइस. काचेवर आयटीओ (पारदर्शक इलेक्ट्रोड), मग पेडॉट-पीएसएस (वाहक पॉलिमर), त्यावर पी-थ्री-एचटी आणि पीसीबीएमचं मिश्रण (प्रकाश शोषणारा थर), शेवटी अ‍ॅल्युमिनियमचा दुसरा इलेक्ट्रोड. पुढे हे इमेज सेन्सरच्या पिक्सेलवर बसवायचं, असं कागदावर तरी लिहिलंय.

या मिश्रणाची फिल्म १०० नॅनोमीटरची केली तर उणे १ व्होल्टला, अंधारात, ४ चौरस मिमीच्या डिव्हाइसमधून ४ मायक्रोअँपिअर! ३०० ची केली की ४ नॅनोअँपिअर. पण सर जाडीला तयार नाहीत. "प्रकाश शोषायला सिलिकॉनला दोन-तीन मायक्रॉन लागतात, आपलं १०० नॅनोमीटरमध्ये भागतं, हेच तर दाखवायचंय." शिवाय जाड थरातून चार्ज बाहेर यायला वेळ लागतो तो वेगळाच.

मला फिल्ममधल्या बारीक भोकांचा संशय आहे. सुरळीच्या वडीचं पीठ ताटावर फार पातळ पसरलं की कुठेतरी फाटतंच, तसं. द्रावण गरगर फिरवून पसरवणारा स्पिन कोटर ग्लोव्हबॉक्सच्या (कोरड्या, बंद पेटीच्या) बाहेर, त्यात पावसाळा. सहापैकी दोन डिव्हाइस सरळ शॉर्ट. पण इलेक्ट्रोडमधूनच चार्ज आत घुसत असेल तर? ओळखायचं कसं?

प्रतिसाद:
शून्याच्या आजूबाजूला, ०.२ व्होल्टपर्यंत दोन्हीकडे, करंट-व्होल्टेजचा आलेख सरळ रेषेत जातो का बघा. जात असेल आणि प्रत्येक डिव्हाइस वेगळं वागत असेल, तर भोकं किंवा धूळ. सगळी सारखीच गळत असतील तर इंजेक्शन, म्हणजे इलेक्ट्रोडमधून घुसणारा चार्ज. पेडॉटही वाहक आहे, काठाकाठाने करंट फिरतो. डिव्हाइसभोवती सुईने चर पाडा आणि पुन्हा मोजा.

वेगाचं टेन्शन सोडा. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एकेका फ्रेमला ३३ मिलिसेकंद. चार्जने १० मायक्रोसेकंद घेतले तरी काय बिघडलं? पॅनासॉनिक आणि फुजीफिल्मने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या सेन्सरचा ऑरगॅनिक थर ०.५ मायक्रॉनचा होता, सरांना सांगून बघा. फक्त १२०-१५० ची जाडी टाळा. अ‍ॅल्युमिनियमवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे (लाटा एकमेकींत मिसळल्यामुळे) तिथे शोषण कमी होतं, २०० ते २२० ला पुन्हा वर येतं.

धागाकर्ता:
चर पाडला, ४ चे दीड मायक्रोअँपिअर झाले. उरलेल्याचा आलेख सरळ रेषेतच, आणि चारही डिव्हाइसचे आकडे वेगवेगळे. म्हणजे काठाची गळती आणि भोकं, दोन्ही दुखणी आहेत. द्रावण गाळलंच नव्हतं हेही आत्ता कबूल करतो. उद्या ०.४५ मायक्रॉनची सिरिंज गाळणी लावून २०० ची फिल्म करतोय, सर हो म्हणालेत, जरा नाक मुरडून. काठाची गळती पेडॉटची ग्रेड बदलून थांबेल का? दर वेळी सुईने चर पाडणं पिक्सेलवर कसं जमणार?